साइटचा मेगाब्लॉक कधी घ्यावा? (सर्व्हर बदल + डेटाबेस रूपांतर)

पोळपाट | सोम, ३ ऑगस्ट, रात्री ९:१०

पाककृती आणि ललित लेखांची पंधरा वर्षं जुनी मराठी साइट आहे. ड्रुपल ७ (साइट चालवणारं सॉफ्टवेअर), एकच व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर सेंटओएस ७ हे लिनक्स. (सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले, म्हणजे दोन वर्षं देवाच्या भरवशावर. मान्य आहे.) डेटाबेस १८ जीबी, फोटो ३१ जीबी. कामं दोन: सगळं नव्या सर्व्हरवर हलवायचं, आणि टेबलं यूटीएफ८ वरून यूटीएफ८एमबी४ वर न्यायची (अक्षरं साठवायच्या दोन पद्धती, दुसरीत इमोजीही मावतात), कारण प्रतिसादात इमोजी टाकला की सेव्ह होत नाही.

वाचक ७० टक्के भारतात, १८ टक्के अमेरिकेत, बाकी आखात, युरोप, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया.

सध्याचा बेत: शनिवारी रात्री १ ला साइट बंद, 'काम चालू आहे' हे पान लावायचं, रविवारी सकाळी ७ ला उघडायची. वेळ बरोबर आहे का? लोकांना किती आधी सांगावं? आणि सहा तासांचे तीन करता येतील का?

रात्रपाळी | सोम, ३ ऑगस्ट, रात्री ९:४८

वेळ चुकली आहे. तुमचा शनिवारी रात्रीचा एक म्हणजे न्यू जर्सीत शनिवारी दुपारचे साडेतीन आणि कॅलिफोर्नियात दुपारचे साडेबारा. सुट्टीचा दिवस, निवांत वेळ, लोक रात्रीच्या जेवणाचं बघतायत. १८ टक्के वाचकांच्या ऐन गर्दीत शटर ओढताय. शिवाय रविवारी सकाळी ७ ला उघडणार आणि ८ पासून भारतातली रविवारची झुंबड. काम तासभर लांबलं तर सगळ्यांसमोर शोभा.

'रात्र' हा शब्द विसरा आणि लॉग काढा. ॲक्सेस लॉगच्या (सर्व्हरवरच्या भेटींची नोंद) चौथ्या रकान्यात तारीख-वेळ असते. चार आठवड्यांचे लॉग घ्या, बॉट वगळा, वार आणि वेळ यांच्या चौकटी करा. तासाच्या नको, अर्ध्या तासाच्या करा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असणार आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे यूटीसीच्या तासाची चौकट आपल्या दोन तासांवर निम्मी निम्मी पसरते. आठवड्याच्या ३३६ चौकटी होतील.

दोन आकडे वेगळे मोजा: गेट आणि पोस्ट. गेट म्हणजे वाचणारे, पोस्ट म्हणजे लिहिणारे. वाचणारा दहा मिनिटांनी परत येतो. ज्याची तासभर टंकलेली पाककृती सबमिट करताना उडाली, तो परत येत नाही.

पिंपळपान | सोम, ३ ऑगस्ट, रात्री १०:३०

रात्रपाळींशी सहमत, पण चार आठवड्यांच्या लॉगवर फार विसंबू नका. पाककृतींची साइट इंग्रजी कॅलेंडरवर चालत नाही, तिथीवर चालते. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी साबुदाणा, चतुर्थीच्या आधी उकडीचे मोदक, दिवाळीआधी दोन आठवडे चकली का मोडते. तेव्हा 'गेल्या वर्षी याच तारखेला गर्दी नव्हती' या वाक्याला इथे काही अर्थ नाही. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, यंदा १४ सप्टेंबरला आहे. ॲनालिटिक्समध्ये मागच्या वर्षाशी तुलना लावली तर यंदाचा ऐन मोदकांचा आठवडा तुम्हाला शांत दिसेल.

भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवा आणि आधी निषिद्ध दिवस खोडा: चतुर्थीआधीचे दहा दिवस ते अनंत चतुर्दशी, नवरात्राआधीचा आठवडा, दिवाळीआधीचे तीन आठवडे, प्रत्येक एकादशी आणि संकष्टी, व त्यांचा आदला दिवस. उरतील त्या दिवसांत रात्रपाळींच्या चौकटी लावा.

चिंचगूळ | सोम, ३ ऑगस्ट, रात्री १०:४१

मग उरतो पितृपक्ष. नवा सर्व्हर पितृपक्षात? 😄

पिंपळपान | सोम, ३ ऑगस्ट, रात्री १०:४४

डीएनएसला मुहूर्त लागत नाही, टीटीएल लागतो. (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, टीटीएल म्हणजे तो पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ते.)

लोकल_लेट | मंगळ, ४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

धाग्याचं नाव मेगाब्लॉक दिलंय, तर तो रेल्वेसारखाच घ्या. रविवारी ब्लॉक असतो तेव्हा रेल्वे कल्याणची लाइन बंद करत नाही. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवते. गाडी उशिरा पोचते, काही स्टेशनं गळतात, पण माणूस पोचतो.

तुमच्याकडे जुना सर्व्हर आणि नवा सर्व्हर असे दोन असताना साइट बंद करायचं कारणच काय? जुनी साइट वाचनासाठी चालू ठेवा, फक्त लेखन थांबवा. त्या काळात डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घ्या, नव्या सर्व्हरवर चढवा, तपासा आणि मग रहदारी तिकडे वळवा. वाचकाला काहीही कळणार नाही. लिहिणाऱ्याला तीन तास 'लेखन थांबलं आहे' दिसेल. सहा तासांचे तीन कसे करायचे हे विचारताय. वाचकांपुरते ते शून्य होतात.

गूगलचाही प्रश्न मिटतो, कारण पानं नेहमीसारखी २०० ('सगळं ठीक' हा कोड) देत राहतात.

पोळपाट | मंगळ, ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे जुन्या मायएसक्यूएलवर (डेटाबेसवर) 'रीड ओन्ली' चालू केलं की झालं?

उंबरठा | मंगळ, ४ ऑगस्ट, दुपारी २:०२

नाही! डेटाबेसला हात लावू नका. ड्रुपल प्रत्येक पान दाखवताना काही ना काही लिहीत असतं: सेशन (लॉगिनची नोंद), कॅशे (तयार पानांचा तात्पुरता साठा), वॉचडॉग लॉग (ड्रुपलची घटनांची नोंद). डेटाबेस रीड ओन्ली केला की लॉगिन केलेल्या माणसाला पानाऐवजी एररचा भेंडोळा दिसेल. आणि सुपर अधिकार असलेल्या युझरला ते बंधन लागूच होत नाही, म्हणजे जिथे अडवायचं तिथे कदाचित अडवणारही नाही.

लेखन ॲप्लिकेशनमध्ये थांबवा. रीड ओन्ली मोड नावाचं मॉड्यूल आहे, किंवा सगळ्या भूमिकांची प्रतिसाद आणि लेख लिहिण्याची परवानगी काढा. काढण्याआधी परवानग्यांच्या पानाची प्रत ठेवा, परत देताना एखादी हमखास राहते. मग बाकीची दारं शोधा: नवीन नोंदणी, पासवर्ड बदल, खाजगी निरोप, 'आवडलं'चं बटण, फोटो अपलोड, मतदान, आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा प्रोग्राम) प्रकाशित होणारे लेख. शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं. क्रॉन थांबवला नाही तर डंप झाल्यावर जुन्या सर्व्हरवर एक लेख प्रकाशित होतो आणि नव्यावर तो अप्रकाशितच राहतो.

सेशन आणि कॅशेत लिहिलं जाऊ द्या. शेवटच्या तीन तासांतलं ते मागे राहिलं तरी बिघडत नाही.

अजून एक. समजा लेखन ३:३० ला बंद करणार. कोणीतरी ३:१० ला फॉर्म उघडून लिहायला बसेल आणि ३:४० ला सबमिट करेल. तेव्हा लेखन बंद. त्याचा मजकूर गिळू नका, नाकारताना फॉर्म भरलेल्या मजकुरासकट परत दाखवा. शिवाय टेक्स्टबॉक्समधला मजकूर दर दहा सेकंदांनी ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये टाकणारा पंधरा ओळींचा जावास्क्रिप्ट आत्ताच लावून ठेवा. ब्लॉकच्या दिवशी लावलात तर ज्यांच्याकडे पान आधीपासून उघडं आहे त्यांना तो मिळणार नाही.

टाकसाळ | मंगळ, ४ ऑगस्ट, रात्री ८:३५

रूपांतराबद्दल. वेळेचा अंदाज इथेच फसतो.

आधी बघा की टेबलात खरंच यूटीएफ८ आहे का. पंधरा वर्षं जुन्या मराठी साइटवर बऱ्याचदा टेबल लॅटिन१ (फक्त रोमन लिपीची जुनी पद्धत) म्हणून घोषित असतं आणि आत यूटीएफ८चे बाइट कोंबलेले असतात. साइटवर व्यवस्थित दिसतं, कारण जाताना-येताना एकच चूक दोनदा होते. रूपांतर केलं की सगळं लेखन लॅटिन चिन्हांची माळ होतं. 'मराठी' हा एकच शब्द असलेला रकाना शोधा आणि अक्षरसंख्या व बाइटसंख्या दोन्ही विचारा. अक्षरं ५, बाइट १५ आले आणि हेक्सची (बाइट लिहून दाखवायची पद्धत) सुरुवात ई०ए४ ने झाली तर ठीक. अक्षरंही १५ आणि बाइटही १५ असतील, तर लॅटिन१ च्या पोटात यूटीएफ८ आहे. हेक्स सी३ए० ने सुरू होत असेल तर दोनदा एन्कोड झालंय, ते वेगळं दुखणं. लॅटिन१ च्या प्रकारात रकाना आधी बायनरी करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४. थेट केलात तर मेलात.

दुसरं, इंडेक्सची (शोध जलद करणारी सूची) लांबी. जुन्या कॉम्पॅक्ट रो फॉरमॅटमध्ये (टेबलातल्या ओळी साठवायची रचना) इंडेक्सला ७६७ बाइटची मर्यादा आहे. २५५ अक्षरं गुणिले ३ म्हणजे ७६५, बसत होतं. गुणिले ४ म्हणजे १०२०, बसत नाही, एरर १०७१. रो फॉरमॅट डायनॅमिक केला की मर्यादा ३०७२ होते. नवा सर्व्हर मायएसक्यूएल ८ चा असेल तर डायनॅमिक हाच डिफॉल्ट आहे, पण डंपमध्ये टेबलागणिक 'कॉम्पॅक्ट' लिहिलेलं असेल तर तेच लागू होईल. डंप फाइलमध्ये शोधा.

तिसरं फक्त आपल्याकडचं. जनरल कोलेशनवरून युनिकोड कोलेशनवर (कोलेशन म्हणजे अक्षरांच्या तुलनेचे नियम) जाताना शून्यरुंदीचा जोडक गणला जात नाही. अर्धा र काढायला लोकांनी तो सर्रास वापरलाय. दोन सदस्यनामं जर फक्त त्या न दिसणाऱ्या जोडकापुरती वेगळी असतील, तर नव्या कोलेशनमध्ये ती एकच ठरतात आणि युनिक इंडेक्स (एकच नाव दोनदा न चालू देणारा) एरर १०६२ म्हणून अडतो. तेही ४० मिनिटं इम्पोर्ट झाल्यावर. सदस्यांचं टेबल आधी नव्या कोलेशनने ग्रुप करून जोड्या काढा आणि त्या सदस्यांशी बोलून नावं बदला. हे ब्लॉकच्या दोन आठवडे आधीचं काम.

ड्रुपल ७.५० पासून यूटीएफ८एमबी४ ला आधार आहे, पण सेटिंग्जच्या फाइलमध्ये चारसेट (अक्षरसंच) आणि कोलेशन तुम्हाला लिहावं लागतं. टेबलं बदलली आणि कनेक्शन जुनंच राहिलं, तर इमोजी अजूनही अडणारच.

रात्रपाळी | मंगळ, ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

+१. आणि म्हणूनच रंगीत तालीम. पूर्ण डेटावर, नव्या सर्व्हरवरच, घड्याळ लावून, निदान दोनदा. १८ जीबीऐवजी १ जीबीवर करून अठराने गुणू नका, इंडेक्स मेमरीत मावेनासा झाला की वेळ सरळ रेषेत वाढत नाही.

पोळपाट | रवि, १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

तालमी झाल्या. पहिलीत इम्पोर्ट 'सर्व्हर हॅज गॉन अवे' म्हणून मेला. नव्या सर्व्हरवर मॅक्स अलाउड पॅकेट (एका वेळी स्वीकारायच्या डेटाची मर्यादा) जुन्यापेक्षा कमी होता. आणि टाकसाळ, जोडकाच्या चार जोड्या निघाल्या!

दुसरी तालीम: डंप २५ मिनिटं, दाबून पाठवायला १०, इम्पोर्ट १ तास ४० मिनिटं. तपासणीला अर्धा तास धरला तर पावणेतीन तास. फोटो आर्‌सिंकने आधीच नेलेत, दुसऱ्या फेरीला (फक्त नवे-बदललेले फोटो) ६ मिनिटं लागतात. तपासताना काय बघायचं याची यादी असेल तर सांगा.

लॉगही काढले. पोस्ट सगळ्यात कमी पहाटे साडेतीन ते साडेसहा, मंगळवार ते गुरुवार. पण पहाटे साडेतीनला जागं राहून असं काम करणं मला पटत नाही.

टाकसाळ | रवि, १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

इम्पोर्ट कमी करता येईल. कॅशेची सगळी टेबलं आणि वॉचडॉग यांची फक्त रचना घ्या, डेटा नको. सर्च इंडेक्स मात्र डेटासकट न्या. तो मागे ठेवून 'क्रॉन बांधेल पुन्हा' म्हणाल, तर ड्रुपल एका क्रॉनला डिफॉल्टने १०० पानं इंडेक्स करतं. ६० हजार पानं असतील तर ६०० क्रॉन. तोवर शोधात 'पुरणपोळी' टाकली की काही सापडणार नाही. सेशनही न्या, डोमेन तेच असल्याने लोक लॉगिन राहतात. जुन्या सदस्यांना ना पासवर्ड आठवतो ना नोंदणीचा ईमेल; सगळ्यांना लॉगआउट केलंत तर पुढचा आठवडा तेच निस्तरत बसाल.

इम्पोर्टपुरता बायनरी लॉग (बदलांची नोंद) बंद ठेवा आणि इनोडीबीचं (टेबलांचा नेहमीचा प्रकार) लॉग फ्लश, म्हणजे नोंद डिस्कवर किती तातडीने लिहायची ते, २ वर ठेवा. झाल्यावर परत १. ही 'परत १' वाली ओळ कागदावर लिहा.

डंप सिंगल ट्रान्झॅक्शनने (एकाच क्षणाची प्रत) घेताय ना? त्याचा उपयोग फक्त इनोडीबीला. एखादं मायआयसॅम या जुन्या प्रकारचं टेबल राहिलंय का बघा.

आणि सगळं टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये. घरची वीज गेली, राउटर बसला, एसएसएच तुटलं, तरी इम्पोर्ट चालू राहिला पाहिजे.

ओक_ट्री_रोड | सोम, १७ ऑगस्ट, पहाटे ४:२५

पहाटेच्या जागरणावर उपाय आहे. भारतात पहाटे साडेतीन म्हणजे इथे न्यू जर्सीत संध्याकाळचे सहा. इकडचा विश्वासू स्वयंसेवक शोधा. हाताने करायचं काम तो जेवायच्या वेळेत पूर्ण जागा असताना करेल, आणि भारतातला माणूस साडेसहाला चहा घेऊन तपासणीला बसेल. थकलेल्या माणसाच्या हातात डिलीटची कमांड देण्यापेक्षा हे बरं.

फक्त तारीख १ नोव्हेंबरच्या अलीकडची ठेवा. त्या दिवशी इथली घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेतीन म्हणजे संध्याकाळचे पाच, लोक ऑफिसातून निघत असतात. लंडनचा बदल त्याच्या आठवडाभर आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे वेळ मनात यूटीसीत पक्की करा आणि तिथून बाकीच्या काढा.

लोकल_लेट | सोम, १७ ऑगस्ट, सकाळी ९:१०

रहदारी वळवणं. डीएनएसचा टीटीएल किती आहे? ८६४०० असेल तर ब्लॉकच्या किमान चोवीस तास आधी, खरं तर दोन दिवस आधी, ३०० करा. ब्लॉक चालू असताना कमी करून उपयोग नाही, जुनं उत्तर लोकांकडे दिवसभर टिकून असतं.

३०० केलं तरी काही रिझॉल्व्हर (पत्ता शोधून देणारे सर्व्हर) मनमानी करतात. म्हणून पत्ता बदलल्यावर जुन्या सर्व्हरचं एनजिनएक्स (वेबसर्व्हर) आपल्याकडे आलेली प्रत्येक रिक्वेस्ट नव्या सर्व्हरकडे प्रॉक्सी करेल, म्हणजे पुढे पाठवेल, असं ठेवा. नाहीतर निम्मे लोक नव्या डेटाबेसात लिहितील आणि निम्मे जुन्यात. ते दोन डेटाबेस नंतर कोणालाही जुळवता येत नाहीत.

प्रॉक्सी करताना मूळ आयपी पुढे पाठवा आणि नव्या सर्व्हरला तो मानायला सांगा. नाहीतर त्या वाटेने येणारे सगळे एकाच आयपीवरचे दिसतात. ड्रुपल ७ एका आयपीवरून तासाभरात ५० चुकीची लॉगिन झाली की तो आयपी अडवतं, म्हणजे तिकडून येणारे सगळेच बाहेर.

ए रेकॉर्डबरोबर (आयपीव्ही४ चा पत्ता) एएएए रेकॉर्डही (आयपीव्ही६ चा) बदला. हे फार महत्त्वाचं. जिओचं मोबाइल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतं. तुम्ही घरच्या ब्रॉडबँडवरून आयपीव्ही४ ने तपासाल, सगळं झकास दिसेल, आणि फोनवरचे वाचक जुन्या सर्व्हरवरच फिरत राहतील. एकदा वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा.

सुरक्षित जोडणीचं (एचटीटीपीएस) सर्टिफिकेट आधीच नव्या सर्व्हरवर हवं. सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची एचटीटीपी पडताळणी डीएनएस जिथे दाखवतं तिथेच जाते, म्हणजे जुन्या सर्व्हरवर. तेव्हा जुनं सर्टिफिकेट कॉपी करा किंवा डीएनएस पडताळणी वापरा. एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने ईमेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची यादी) नवा आयपी घाला, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव) लावा, नाहीतर नोंदणीचे ईमेल स्पॅममध्ये.

चिंचगूळ | सोम, १७ ऑगस्ट, सकाळी ११:३०

सूचनेची पट्टी कशी लिहावी? सगळीकडे 'तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असतं. त्यात कधी आणि काय ते कळतच नाही.

पिंपळपान | सोम, १७ ऑगस्ट, दुपारी १२:१५

बरोबर. आधी वार-तारीख-वेळ, मग काय चालेल, मग काय चालणार नाही. दिलगिरी जागा उरली तर.

मराठी वाचकासाठी एक काळजी. 'बुधवारी रात्री अडीच' लिहिलं तर बहुतेकांच्या मते तो बुधवार संपल्यावरचा अडीच, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने गुरुवार. आपला दिवस उजाडल्यावर बदलतो. काही जण मात्र बुधवार सुरू झाल्या झाल्याचा अडीच धरतील. म्हणून 'रात्री' टाळा, 'पहाटे' लिहा, आणि 'रात्री १२' तर कधीच नको. नमुना:

'गुरुवार, १ ऑक्टोबर: पहाटे ३:३० ते सकाळी ७ (भारतीय वेळ). साइट वाचता येईल. नवीन लेख, प्रतिसाद, निरोप आणि नोंदणी बंद राहील. न्यू जर्सी: बुधवार संध्या. ६ ते ९:३०. लंडन: बुधवार रात्री ११ पासून. दुबई: गुरुवार पहाटे २ पासून. सिंगापूर: गुरुवार सकाळी ६ पासून. मेलबर्न: गुरुवार सकाळी ८ पासून. लिहीत असाल तर ३:१५ च्या आत सेव्ह करा.'

पट्टी तीन दिवस आधी लावा. आठवडाभर आधी लावलेली पट्टी तिसऱ्या दिवसापासून कोणाला दिसत नाही. शेवटच्या तासात तिचा रंग बदला, आणि लेखनाच्या फॉर्मच्या अगदी डोक्यावर ती वेगळी दाखवा. लिहिणारा माणूस पानाच्या वर बघत नाही.

तारीख मी मनानेच टाकली. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. मधल्या दिवसांत संकष्टी आणि एकादशीपासून दूर असलेला गुरुवार बसतो. पुण्यात गुरुवार तसाही पाणी बंदचा वार.

उंबरठा | सोम, १७ ऑगस्ट, रात्री ९:५०

परतीची वेळ ठरवा आणि ती कागदावर लिहा. या आखणीत एक सोय आहे: नव्या सर्व्हरवर लेखन उघडेपर्यंत परत फिरणं फुकट आहे. जुना सर्व्हर जसाच्या तसा उभा आहे, लेखन परत चालू केलं की झालं. नव्यावर पहिला प्रतिसाद पडला की परत फिरणं म्हणजे कोणाचं तरी लेखन टाकून देणं. तेव्हा क्रम असा: ५:५० पर्यंत इम्पोर्ट. पुढे अर्धा तास फक्त तुमच्या हॉस्ट्स फाइलमधून (स्वतःच्या संगणकापुरता पत्ता बदलून) नवी साइट तपासायची. ६:३० ला निर्णय. यादीतलं काहीही अडलं असेल तर त्या दिवशी परत फिरायचं, 'पाच मिनिटांत दुरुस्त करतो' हे चालणार नाही. सगळं ठीक असेल तर पत्ता वळवा, आणि लेखन १५ मिनिटं फक्त संपादकांना उघडा, मग सगळ्यांना.

यादी मागितली होतीत: मोठ्या दहा टेबलांच्या ओळींची संख्या दोन्हीकडे जुळते का, सगळ्यात जुना लेख, सगळ्यात नवा प्रतिसाद आणि इमोजी असलेला एक नवा प्रतिसाद, सदस्य, संपादक आणि लॉगिन न केलेला अशी तीन रूपं, फोटो अपलोड (फोल्डरचे अधिकार आणि एसई-लिनक्स, म्हणजे लिनक्सचे जादा सुरक्षा नियम, इथे हमखास आडवे येतात), शोध, पासवर्ड बदलाचा ईमेल.

वळवल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं साइट जड वाटेल, नव्या डेटाबेसची मेमरी रिकामी असते. सगळ्यात वाचली जाणारी ५०० पानं एका स्क्रिप्टने आधीच उघडून ठेवा.

रात्रपाळी | सोम, १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

बंदचं पान तरीही तयार ठेवा, मधेच जुना सर्व्हरच बसला तर? त्या पानाने ५०३ ('तात्पुरतं बंद' हा कोड) द्यायला हवं आणि सोबत रिट्राय-आफ्टर (पुन्हा कधी यावं ते). २०० देऊन 'काम चालू आहे' दाखवलं, तर गूगल तेच तुमचं खरं पान समजतं आणि मधे सीडीएन (पानांच्या प्रती साठवून देणारी सेवा) असेल तर तो ते साठवून ठेवतो. दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट करणंही तितकंच वाईट. रोबोट्सच्या फाइलला (सर्च इंजिनांसाठीच्या सूचना) मात्र ५०३ देऊ नका. ती मिळाली नाही तर गूगल अख्ख्या साइटवर फिरणं थांबवतं.

(अवांतर: वर्डप्रेसवाल्यांसाठी. अपडेट अर्धवट अडकला की मुख्य फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी मेंटेनन्स फाइल राहते आणि साइट बंदच दिसते. ती फाइल काढा. दहा मिनिटांहून जुनी झाली की वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करतं, पण तोवर धीर कोणाला असतो.)

चिंचगूळ | मंगळ, १८ ऑगस्ट, सकाळी १०:०५

ड्रुपल ७ चा पाठिंबाही ५ जानेवारी २०२५ ला संपलाय. हातासरशी नव्या ड्रुपलवर का जात नाही?

टाकसाळ | मंगळ, १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

एका ब्लॉकमध्ये एकच रूळ बदलतात. सर्व्हर, एन्कोडिंग आणि ड्रुपल तिन्ही एकदम बदलले आणि सकाळी फोटो दिसेनासे झाले, तर चूक कुठली ते शोधायला जागाच उरत नाही. सर्व्हर आणि एन्कोडिंग एकत्र चालतं, कारण डंप एकदाच घ्यावा लागतो. ड्रुपलला वेगळा ब्लॉक, वेगळी तालीम, आणि तो आता दिवाळीनंतर.

पोळपाट | शनि, २२ ऑगस्ट, रात्री ८:१५

ठरलं. गुरुवार १ ऑक्टोबर, पहाटे ३:३०, म्हणजे यूटीसीने बुधवार ३० सप्टेंबरचे रात्रीचे १०. टीटीएल सोमवारी २८ ला ३००. पट्टी २८ ला पहाटे. ३:१५ ला क्रॉन बंद, ३:३० ला लेखन बंद, ३:३५ ला लॉगमध्ये शेवटचा पोस्ट बघून डंप. न्यू जर्सीतला एक सदस्य तयार झाला आहे, हाताचं काम तो करेल, मी ५:४५ पासून. निर्णय ६:३०. कॅशे-वॉचडॉग वगळून तिसरी तालीम केली, इम्पोर्ट १ तास १२ मिनिटांवर आला. जुना सर्व्हर महिनाभर ठेवणार, पहिले दोन आठवडे प्रॉक्सी म्हणून.

काही राहिलंय का?

ओक_ट्री_रोड | रवि, २३ ऑगस्ट, पहाटे ५:०५

एक. सर्व्हर यूटीसीवर आहे आणि तुमचा ब्लॉक नेमका यूटीसीच्या महिनाअखेरीवर आलाय. भारतात पहाटे साडेपाच वाजले की तिथे १ तारीख लागते आणि मासिक क्रॉन सुटतात. तुमचा ड्रुपलचा क्रॉन बंद असेल, पण रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (सर्व्हरच्या स्वतःच्या कामांचं वेळापत्रक) दर महिन्याच्या १ तारखेचा पूर्ण बॅकअप असेल तर तो ऐन इम्पोर्ट संपताना डिस्क खाईल. दोन्ही सर्व्हरवर बघा.

पोळपाट | रवि, २३ ऑगस्ट, सकाळी ७:४०

आहे. जुन्यावर १ तारखेला ००:१० ला पूर्ण बॅकअप आहे, आणि नव्याचा क्रॉनटॅब जुन्यावरूनच उचललेला, म्हणजे तिथेही. दोन्हीकडे ३ तारखेवर ढकलला.